तिरफळाची काळी बी

मालन घाडीगावकरच्या तोंडाला लगाम नाही, हे लालबागच्या मसाला गल्लीत कोणालाही विचारा, हसत हसत सांगेल. बाईचं मिरची कांडपाचं दुकान. एप्रिल लागला की बायका मिरच्या, धणे, खडा मसाला पिशव्या भरभरून घेऊन येतात आणि डंकासमोरच्या बाकावर ठाण मांडतात. लोखंडी मुसळं धाडधाड खालीवर होत असतात आणि बाया नजर हलवत नाहीत. आपली मिरची आपल्या डोळ्यांदेखत कुटून घ्यायची, ही इथली जुनी रीत. दुसऱ्या एखाद्या दुकानदाराला त्यात अपमान वाटेल. मालनने स्वतःच तो बाक आणून टाकलाय. "बघत बसा," ती म्हणते, "माझा नवरा असला तरी त्याच्यावर भरवसा ठेवू नका." नवरा रामू, पोस्टातनं रिटायर झालेला, तिथेच मसाला चाळत उभा असतो. तो काही बोलत नाही. तीस वर्षांच्या संसारात त्याला तशी संधीच मिळालेली नाही.

एप्रिलच्या सुरुवातीला डोंबिवलीच्या एक बाई पाच किलो ब्याडगी घेऊन आल्या. मालनने गळ्यातल्या दोरीचा चष्मा नाकावर चढवला, पिशवीत हात घातला, एक मिरची कानाशी नेऊन मोडली. कट् असा आवाज यायला हवा होता. आला नाही.

"ताई, आत ओल आहे हिला. आज नको. उद्या या."

"अहो, डोंबिवलीहून आलेय मी!"

"म्हणूनच सांगते. आज कुटून दिली तर जूनमध्ये बुरशी धरेल, आणि जुलैत तुम्ही मला शिव्या घालाल. त्याही डोंबिवलीहून. गच्चीवर एक कडक ऊन दाखवा आणि या."

बाई तणतणत गेल्या. दुसऱ्या दिवशी परत आल्या आणि येताना नणंदेलाही घेऊन आल्या. मालनचं गिऱ्हाईक हे असं वाढतं. नाही म्हणून म्हणून वाढतं.

तर अशा या बाईचा एकुलता एक मुलगा धनेश. सत्तावीस वर्षांचा. काळाचौकीच्या चाळीतल्या खोलीत, कपाटाच्या बाजूच्या कोपऱ्यात, गेली तीन वर्षं कॉम्प्युटरसमोर बसून गेम बनवत होता. शेजारणी विचारायच्या, "धनेश हल्ली काय करतो गं?" मालन सांगायची, "टकटक करतो." गेममधली चित्रं काढायला त्याच्याबरोबर ओवी धैर्यवान नावाची मुलगी होती, ठाकूरद्वारची, कॉलेजातली मैत्रीण. घराणं जुनं, बोलणं एकदम ठेवणीतलं. मालनला ती फार पसंत होती, कारण पोरगी बांगड्याचा काटासुद्धा चोखून ठेवायची.

मार्चअखेर गेम एकदाचा पुरा झाला आणि इंटरनेटवरच्या एका भल्यामोठ्या परदेशी दुकानात लागला. नाव ठेवलं 'कांडप'. नाव ऐकून मालनला बरं वाटलं. तिने चाळभर पेढे वाटले. "ये, दाखवतो," असं धनेश म्हणाला तेव्हा मिरचीचा टेम्पो दारात उभा होता. "बघीन रे सावकाश," म्हणून ती गेली आणि ते राहूनच गेलं.

दहा-बारा दिवसांनी, एका रविवारी दुपारी, धनेश ताटातल्या भातात नुसती बोटं फिरवत बसला होता. ओवी पण गप्प. समोर सुकटीची चटणी आणि ओवी गप्प, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"काय रे, तोंड का पाडलंस?"

"नऊवर अडकलंय, आई."

"काय नऊवर?"

मग ओवीने तिला उलगडून सांगितलं. त्या दुकानात दररोज पन्नास-साठ नवे गेम येऊन पडतात. ज्याने गेम विकत घेऊन खेळला त्याने आपलं मत द्यायचं. आवडला तर अंगठा वर, नाही आवडला तर खाली, आणि सोबत दोन ओळी लिहायच्या. अशी दहा मतं पडली की दुकान गेमच्या नावापुढे शेरा लावतं. दहा होईपर्यंत शेरा नाही, आणि शेरा नाही म्हणजे गेम असून नसल्यासारखा. शोधत बसलं तर सापडतो, पण एवढं शोधत बसतंय कोण?

"आणि हे रोजचे पन्नास-साठ गेम कसले असतात?"

"बरेचसे कचरा," धनेश म्हणाला. "एकच गेम दहा नावांनी. दुसऱ्याची चित्रं उचलून चिकटवलेली. काही तर चार मिनिटांत बंद पडतात."

"मग दुकानदार आत घेतो कशाला? कोणी हातात घेऊन, वास घेऊन बघत नाही?"

"चालू होतोय ना, आत काही भलतंसलतं नाही ना, एवढं बघतात, काकू," ओवी म्हणाली. "चांगला की वाईट, ते खेळणाऱ्यांनी ठरवायचं."

"म्हणजे ते दुकान नाहीच," मालन म्हणाली. "गोदाम आहे."

पुढची गोष्ट धनेशने खाली मान घालून सांगितली. एक मेपासून त्या दुकानात स्वयंपाकाच्या गेमचा सप्ताह होता. तीस एप्रिलपर्यंत ज्या गेमला किमान दहा मतं असतील, आणि दहातले नऊ अंगठे वर असतील, तो गेम पहिल्या पानावर लागणार. 'कांडप'ला आत्ता नऊ मतं होती. आठ वर. एक खाली, पोलंडमधल्या कोणाचा तरी लॅपटॉप मध्येच बंद पडला म्हणून. आता एक हवं होतं, वरचं. ते मिळालं नाही तर नोकरी धरायची. अंधेरीच्या एका कंपनीचं पत्र येऊन पडलं होतं. मोबाईलवरच्या रमीचा गेम. दोन मेला हजर व्हायचं.

"तिथे काय काम करणार तू?"

"माणूस खेळ सोडून उठायला लागला की त्याला परत बसवायचं, ते बटण बनवायचं." धनेशने हात धुवायला म्हणून ताट उचललं. ताट अर्धं भरलेलंच होतं.

मालनने हातातला घास ताटात परत ठेवला. पोरगा तीन वर्षं टकटक करत होता तेव्हा ती चिडायची, पण तो गुणगुणत टकटक करायचा. गेल्या आठ दिवसांत तो गुणगुणला नव्हता, हे तिला आत्ता आठवलं. आता ह्या पोराला एक अंगठा हवा होता. एक! एवढ्या मोठ्या काळाचौकीत एक अंगठा मिळू नये?

आणि इथे मालनने चूक केली. ती कोंडीरामशी बोलली.

कोंडीराम म्हणजे त्यांच्या गणेशोत्सव मंडळाचा सेक्रेटरी. माणूस लाखातला एक, मदतीला अर्ध्या हाकेला धावणारा, पण आयुष्यात त्याने कुठलीही गोष्ट एक अशी केलेली नाही. रक्तदान काढलं तर दोनशे बाटल्या. सहल काढली तर पाच बसगाड्या. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मांडीवर थाप मारली.

"एकच होयो? काय गो मालन, एवढ्यासाठी तोंड पाडून बसलंस? धनेश आपलो पोरगो. तू घरी जा. मी बघतंय."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मंडळाच्या ऑफिसात रांग लागली. दोन कॉम्प्युटर, चहाची किटली, वडापावचं खोकं, आणि वर्गणीच्या वहीत नावांवर बरोबरच्या खुणा करत कोंडीराम. प्रत्येकाने आपल्या फोनवरून खातं उघडायचं, गेम विकत घ्यायचा, कॉम्प्युटरवर बसून दोन मिनिटं चालवायचा, अंगठा वर करायचा, उठायचं, वडापाव घ्यायचा. काय लिहायचं असा प्रश्न लोकांना पडू नये म्हणून कोंडीरामने फळ्यावर नमुना लिहून ठेवला होता. "अतिशय सुंदर व संस्कारक्षम खेळ. मालनताईंचे सुपुत्र चि. धनेश यांचे हार्दिक अभिनंदन! – शुभेच्छुक." लोकांनी तो जसाच्या तसा उतरवला. एकानेही शुभेच्छुक गाळलं नाही.

मालन दारात उभी राहून प्रत्येकाला "बरं झालं हो आलात," म्हणत होती. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. एवढं कोण करतं कोणासाठी?

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या परदेशी दुकानाचं पत्र आलं. धनेशने ते वाचलं, मग परत वाचलं आणि आईला मराठीत सांगितलं. एकाच जागेवरून, दोन मिनिटं खेळून, एकाच मजकुराची एकोणचाळीस मतं पडली आहेत. ती सगळी आम्ही काढून टाकली आहेत. तुमचा गेम दहा दिवस कोणालाही शोधून सापडणार नाही. पुन्हा असं झालं तर तो कायमचा काढला जाईल.

धनेश ओरडला असता तर बरं झालं असतं. तो पलंगावर बसला आणि भिंतीकडे बघत म्हणाला, "आई, एक हवं होतं."

"एकोणचाळीस दिली," रामू म्हणाला. बायकोचं वाक्य तोडून नव्हे, पण तिच्या आधी रामू बोलला, अशी ही पहिलीच वेळ.

मालनने चपला चढवल्या. दुकानात येऊन तिने डंक चालू केला, मिरच्या ओतल्या, पण लक्ष लागेना. बाकावर एक म्हातारी बसली होती, तिच्या धण्याकडे टक लावून. तिच्याकडे बघता बघता मालनच्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि तिने कपाळावर हात मारून घेतला. अगो बाई! ज्या बाईने आयुष्यात न हुंगलेला मसाला विकला नाही, तिने एकोणचाळीस लोकांच्या तोंडून एका मालाची तारीफ करवली, आणि तो माल स्वतः बघितलासुद्धा नाही. ना तिने, ना त्या एकोणचाळीसांनी. गोदामवाल्याला नावं ठेवणारी ती, पण कोंडीरामच्या रांगेच्या तोंडाशी तीच उभी होती ना?

तिने त्याच दुपारी ओवीला फोन केला. "मला तो गेम खेळायचाय. माझ्या पैशाने, माझ्या नावाने. धनेशला सांगायचं नाही."

"काकू, घरच्यांनी मत दिलेलं चालतं, पण नातं उघड सांगावं लागतं."

"सांगीन की. मी काय त्याची आई असल्याचं लपवतेय?"

दुपारी दोन ते साडेचार डंक बंद असतो, यंत्र तापतं म्हणून. ओवीने आपला जुना लॅपटॉप आणून मिरच्यांच्या गोणीवर ठेवला, मालनचं खातं उघडून दिलं, शोधून न सापडणारा गेम थेट त्याच्या पत्त्यावरून तिच्याच पैशाने घेऊन दिला आणि बाण कसा हलवायचा ते शिकवलं. पहिल्या दिवशी मालनचा बाण पडद्याच्या बाहेरच जात होता. "अरे मेल्या, इकडे ये ना," ती बाणाला दटावत होती. दुसऱ्या दिवशी तिने धणे भाजले आणि जाळले. तिसऱ्या दिवशी नाही जाळले.

गेम असा होता. एक गल्ली, एक दुकान, एक बाक. गिऱ्हाईक येतं, काय काय हवं ते सांगतं. आपण निवडायचं, भाजायचं, कुटायचं आणि गल्ल्यावरच्या बाईपुढे ठेवायचं. बाई वास घेते आणि शाबास म्हणते, नाही तर परत पाठवते. त्या बाईच्या गळ्यात दोरीचा चष्मा होता. वास घेताना ती डोळे बारीक करायची आणि उजवी भुवई वर चढवायची. मसाला जळका असला की म्हणायची, "आज नको. उद्या या."

मालन पडद्याकडे बघतच राहिली. मग तिने रामूला हाक मारली. रामू आला, चष्मा पुसून त्याने बघितलं, एकदा पडद्याकडे, एकदा बायकोकडे.

"मी अशी भुवई चढवते?"

रामूने मान डोलावली.

मालन पदराने तोंड पुसायला वळली आणि बराच वेळ वळलेलीच राहिली. तीन वर्षं पोरगा त्या कोपऱ्यात हिला बनवत बसला होता. आणि ही जगाला सांगत होती, टकटक करतो.

त्यानंतर मात्र तिला कोणी आवरेना. दोन वाजले की शटर अर्धं खाली, लॅपटॉप गोणीवर आणि बाई गोणीसमोर पाटावर. मिरची नीट नाही भाजली तर स्वतःलाच शिव्या घालायची. डंकाचा आवाज गेममध्ये आला की रामू सवयीने चाळण घ्यायला उठायचा.

आणि सातव्या-आठव्या दिवशी तिला ते दिसलं. मालवणी मसाल्याची ऑर्डर होती. तिने तिरफळं घेतली आणि घाईत न फोडताच तशीच टाकली. आता परत पाठवणार, म्हणून ती वाट बघत होती. पडद्यावरची बाई म्हणाली, शाबास.

"शाबास?" मालन ताडकन उठली. "शाबास काय? तिरफळातली काळी बी काढल्याशिवाय शाबास?"

तिने परत करून बघितलं. परत शाबास. मिरच्या देठासकट टाकून बघितल्या. शाबास! तिचा चष्मा घालून, तिची भुवई चढवून, ती बाई कडू मसाल्याला शाबास म्हणत होती.

त्या दिवशी जेवताना तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय रे, तुझ्या त्या गेममध्ये तिरफळाची बी काढतात का?"

धनेश फोनवर अंधेरीचं पत्र वाचत होता. "काय? आई, गेम आहे तो. तेवढं कोण बघतं?"

मालन काही बोलली नाही. रामूने दचकून तिच्याकडे बघितलं, कारण ही सगळ्यात भयंकर गोष्ट होती. तेवढं कोण बघतं! हे वाक्य तिच्या दुकानात कोणी उच्चारलं तर ती त्याची पिशवी उचलून हातात देते. मिरचीत तेल मारणारे हेच म्हणतात. धण्यात भुसा घालणारे हेच म्हणतात. एकच गेम दहा नावांनी विकणारे आणखी काय वेगळं म्हणत असतील?

गेम पंचवीस तारखेला पुन्हा दुकानात दिसायला लागला. मतं नऊच. सत्तावीसला मालनने ओवीला बोलावून सांगितलं, "आज मी मत देते."

ओवीचा चेहरा उजळला. "काकू! म्हणजे दहा, त्यातले नऊ वर. सप्ताहात जाणार आपण!"

"आणि खाली केला तर?"

"खाली?" ओवीला वाटलं काकू थट्टा करतायत. मग वाटलं, नाही करत. "मग आठच राहतील वर. मग नाही जाणार. काकू, धनेशला आधी सांगून तर बघा."

"सांगितलं. म्हणाला, तेवढं कोण बघतं."

"पण मग तो अंधेरीला जाईल हो!"

बाण वरच्या अंगठ्यावर नेला मालनने. खोटं कशाला सांगा? तिला समोर कोपरा दिसला, रिकामा. गुणगुणणं बंद झालेला कोपरा. एक अंगठा वर केला की संपलं, कोणाच्या बापाला कळणार आहे तिरफळाचं? पण तिच्या हातून एकोणचाळीस वेळा खोटं बोलून झालं होतं. चाळिसाव्यांदा ती नाही बोलणार. तिने अंगठा खाली केला आणि एकेक अक्षर शोधत लिहायला घेतलं. साडेचार वाजले, बाहेर गिऱ्हाइकं खोळंबली, तरी उठली नाही.

"मी ह्या मुलाची आई. आधी आमच्या इथल्या एकोणचाळीस लोकांनी न खेळता खेळ चांगला म्हटलं, ते मीच करवलं, माझी चूक. आता एकोणतीस तास खेळून सांगते. चित्रं सुंदर. डंकाचा आवाज हुबेहूब, माझा नवरा चाळण घ्यायला उठतो. पण तिरफळातली काळी बी न काढता मसाला केला तरी हा गेम शाबास म्हणतो. बीने मसाला कडू होतो. मिरची देठासकट घेतली तरी चालते. असं चालत नाही. मुलगा म्हणतो, तेवढं कोण बघतं. मी बघते. सुधारेपर्यंत घेऊ नका. आज नको. उद्या या."

संध्याकाळी धनेश दारातच उभा राहिला, हातात फोन.

"आई, हे तू लिहिलंस? तू माझी आई आहेस की दुश्मन?"

"दुश्मन असते तर दोन मिनिटं खेळून शाबास म्हटलं असतं. त्या एकोणचाळीसांसारखं. एकोणतीस तास बसले मी पाटावर, गुडघे बघ माझे."

"एकच हवं होतं मला!"

"मग चांगला मसाला ठेव पुढ्यात. माझं तोंड लावलंयस ना त्या बाईला? मग माझी जीभ पण लाव."

तो न जेवता गॅलरीत जाऊन उभा राहिला. मालनने त्याचं ताट झाकून ठेवलं आणि तीही जेवली नाही.

सकाळी दहा वाजता, दुकानात गर्दी उसळलेली असताना, बाकावर दोन बायकांच्या मध्ये धनेश येऊन बसला. लहानपणापासून त्या दुकानात हजारदा आला असेल, पण बाकावर कधी बसला नव्हता. मालनने बघून न बघितल्यासारखं केलं. तासभर तो डंकाकडे, आईच्या हाताकडे, पिशव्यांकडे बघत होता. मग म्हणाला, "एक तिरफळ दाखव."

तिने त्याच्या तळहातावर ठेवलं. नखाने उकललं. आत मोहरीपेक्षा जराशी मोठी, काळी कुळकुळीत, चकचकीत बी.

"चाव."

त्याने चावली. त्याचं तोंड असं काही वाकडं झालं की बाकावरच्या दोन्ही बायका खदखदून हसल्या.

"हे मला कधी सांगितलं नाहीस तू," तो थुंकून आल्यावर म्हणाला.

"तू कधी विचारलं नाहीस. आणि मी कधी तुझा गेम बघितला नाही. फिट्टंफाट. आणखी काय विचारायचंय ते विचार, मला वेळ नाही."

त्याने वहीच काढली. दगडफूल किती भाजायचं, जायपत्री कधी टाकायची, देठ का मोडायचे. दुपारी घरी गेला तो कॉम्प्युटरला चिकटलाच. रामू संध्याकाळी घरून डबा घेऊन आला आणि मालनच्या कानाशी वाकून म्हणाला, "गुणगुणतोय."

एकोणतीस तारखेला ओवी गल्लीतून धावतच आली, केस विस्कटलेले. नागपूरच्या कोणीतरी मालनच्या त्या मजकुराचं इंग्रजी करून खाली चिकटवलं होतं. लोक पोट धरून हसत होते. एकोणतीस तास खेळली आणि म्हणते घेऊ नका! कोण ही बाई? आणि जी आई स्वतःच्या पोराचा गेम घेऊ नका म्हणून सांगते, तिने जे चांगलं म्हटलंय ते खरंच चांगलं असणार, असा हिशेब लोकांनी केला. ब्राझीलमध्ये, जपानमध्ये, साताऱ्यात लोक गेम घेत होते, फक्त तिरफळ न फोडता टाकून बघायला. मतं भराभर पडत होती. बहुतेक वर. काही खाली, "आई म्हणते ते बरोबर आहे," असं लिहून.

तीस तारखेला दुपारी धनेशने सुधारलेला गेम दुकानात चढवला आणि स्वतः लालबागला येऊन बाकावर बसला. ओवीने लॅपटॉप गोणीवर ठेवला.

"काकू, आत्ता कशी स्थिती आहे माहितेय का, फक्त एक–"

"मला आकडा सांगू नकोस!" मालनने दोन्ही कानांवर हात ठेवले. "आकड्याने घात केला मागच्या वेळी. मला खेळू दे."

तिने मालवणी मसाल्याची ऑर्डर घेतली. मिरच्यांचे देठ मोडले. धणे भाजले. तिरफळं एकेक उकलायला घेतली, बी बाजूला, साल आत. तेवढ्यात शटरखालून वाकून कोणीतरी आलं. डोंबिवलीच्या बाई! या खेपेला नणंदेची जाऊ घेऊन. "आत्ता बंद आहे का हो?" "दोन मिनिटं थांबा ताई," म्हणत मालन मागे वळली, बोलता बोलता हात चालूच, शेवटची तिरफळं उकलली, मसाला कुटला आणि पडद्यावरच्या बाईपुढे ठेवला.

बाईने चष्मा नाकावर चढवला. वास घेतला. डोळे बारीक केले. उजवी भुवई वर चढली.

"एक बी राहिलीय आत," पडद्यावरची मालन म्हणाली. "आज नको. उद्या या."

डोंबिवलीच्या बाईंनी टाळी वाजवली. "बरं झालं! आता कळलं ना कसं वाटतं ते?"

आणि मालन हसायला लागली. पाटावर मागेपुढे डोलत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "मला परत पाठवलंन! मला! अरे, मेल्या, मला परत पाठवलंस रे!" तिने धनेशच्या पाठीत असा धपाटा घातला की त्याच्या हातातला फोन खाली पडला. मग तिने पदराला हात पुसले, आपलं जुनं मत शोधून काढलं, त्याच्या खाली लिहिलं, "सुधारला आहे. घ्या," आणि अंगठा वर केला.

ओवीने किंकाळी फोडली. "छत्तीस! चाळीसपैकी छत्तीस वर! काकू, एकच हवा होता, एकच!"

धनेशने दोन्ही हातांत तोंड लपवलं आणि तो बाकावर तसाच बसून राहिला. त्याचे खांदे हलत होते. डोंबिवलीच्या बाईंना काही समजलं नाही, तरी त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मालनने चष्मा काढून पुसला आणि उगीचच खडसावणाऱ्या आवाजात म्हणाली, "रडतोस काय? त्या अंधेरीवाल्यांना कळव आधी."

"काय कळवू?"

"आज नको म्हणावं."

डंकापाशी चाळण घेऊन उभा असलेला रामू खाकरला. सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

"आणि उद्याही नको," रामू म्हणाला, आणि त्याने यंत्राचं बटण दाबलं.